डोळ्यापासूनचं अंतर

दुर्बिणीच्या नळीचा व्यास साडेसव्वीस मिलिमीटर भरला. मी व्हर्निअरचे जबडे सैल केले, नळी थोडी फिरवली आणि पुन्हा मोजलं. तेवढाच. डोळ्याच्या बाजूला, काचेच्या जरा अलीकडे, तिसऱ्यांदा मोजलं. नळी फार चांगली घडवलेली होती. कुठेही फरक नव्हता.

"किती?" आबांनी विचारलं.

"साडेसव्वीस."

"आणि ह्या कड्या?"

मुंबईहून पार्सलनं आलेल्या दोन पोलादी कड्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवल्या होत्या. रायफलवर दुर्बीण बसवायची तर खाली एक बैठक लागते आणि नळीला धरून ठेवणाऱ्या दोन कड्या लागतात. दोन्ही मिळून माउंट म्हणतात. मी कडीचं आतलं माप घेतलं.

"पंचवीस पूर्णांक चार. बरोबर एक इंच."

"म्हणजे बसत नाहीत."

"नाही बसत. दुर्बीण जर्मन आहे, आबा. कड्या इंग्लिश मापाच्या आहेत."

"मधे पातळ पत्रा घालून?"

"कडी मोठी असली तर पत्रा घालता येतो. इथं नळीच मोठी आहे."

आबांनी मान डोलावली आणि कड्या पुन्हा कागदात गुंडाळायला घेतल्या. मी तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं असतं तर मला काही कळलं असतं का, कोण जाणे. मी नळीकडेच बघत होते.

आक्का खाली बसून तांदूळ निवडत होत्या. "एवढ्या लांबनं दुर्बीण आणली, तर तिथंच कड्या पण घ्यायच्या की," त्या म्हणाल्या. "पण त्याचं सगळं असंच. पायजमा आणायचा आणि नाडी विसरायची."

आबा हसले. मीही हसले. त्या घरात जयवंतबद्दल असंच बोललं जायचं, तो नुकताच कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्यासारखं.

जयवंत माझा नवरा. आबा-आक्कांचा एकुलता एक मुलगा. मालवाहू बोटीवर तिसरा इंजिनिअर होता. ती दुर्बीण त्यानं हॅम्बुर्ग बंदराजवळच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात घेतली होती. रायफल मुळात एका इंग्रज साहेबाची, जयवंतच्या आजोबांना संस्थानच्या शिकारखान्यातल्या नोकरीत बक्षीस मिळालेली. बोल्ट ओढून एकेक गोळी भरायची. तिच्यावर दुर्बीण बसवण्याची सोय मुळातच नव्हती. शेवटच्या सुट्टीहून परत जाताना गडहिंग्लजच्या स्टँडवर, एसटीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून तो म्हणाला होता, "आबा, तेवढं माउंट बघून ठेवा. मी आलो की आजऱ्याच्या बाजूला जाऊन नेम लावू."

मुरगाव बंदरात लोखंडाची खनिजमाती भरून त्याची बोट जपानला निघाली. चिनी समुद्रात मोठं वादळ झालं आणि त्याच आठवड्यात बोटीचा बिनतारी संपर्क तुटला. बोट सापडली नाही. माणसं सापडली नाहीत. कंपनीनं 'बेपत्ता' असं कळवलं, आणि त्यापुढे कधीच काही कळवलं नाही.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. सवयीनं मी वाचत गेले. ओली खनिजमाती हेलकाव्यांनी पातळ होते, चिखलासारखी एका बाजूला सरकते. सरकली की परत येत नाही. अशी बोट कलंडायला फार वेळ लागत नाही. होड्या खाली सोडायलाही सवड मिळत नाही. हे सगळं मला पहिल्याच वर्षी समजलं होतं. घरात मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आबांचं वाचन वेगळं होतं. ते जिल्हा कोर्टात शिरस्तेदार होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी एक मोठा नकाशा आणला होता.

"फिलिपाइन्सला किती बेटं आहेत, माहितीय का सूनबाई?"

"खूप आहेत."

"सात हजारांच्या वर. निम्म्या बेटांना नाव पण नाही. तिथं एखादा माणूस लागला किनाऱ्याला, तर त्यानं पत्र कुठनं टाकायचं?"

"खरंय."

"पोष्ट पाहिजे की नको?"

"पाहिजे."

अशा वेळी मी त्यांच्या हो ला हो द्यायची. भौतिकशास्त्रात त्याला काही आधार नव्हता. पण समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्याचाच होता.

माझी अडचण बंगळूरची होती. बोट गेल्याच्या पाचव्या वर्षी तिथल्या एका संशोधन संस्थेत मला प्रकाशकीमध्ये पीएच.डी.साठी जागा मिळाली होती. पहिल्या वर्षी मी जाऊ शकले नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारणा झाली. आबांना विचारलं तेव्हा ते ओसरीवर पान लावत होते.

"जायला कोण नको म्हणतंय? पण तो आला आणि तू नसलीस तर?"

"तुम्ही आहात, आक्का आहेत. मी एका रात्रीत पोचेन."

"आमचं सोड. बोटीवरचा माणूस बायकोकडं येतो, आईबापाकडं नाही." पानाला चुना जास्त लागला, तो त्यांनी बोटानं पुसला. "त्यानं सांगितलेलं एवढं एक काम माझ्या अंगावर आहे. माउंट बसू दे. मग तू म्हणशील तसं."

त्या दिवसापासून माझं जाणं आणि ते माउंट एकमेकांना बांधले गेले. कॉलेजची व्हर्निअर मी त्यासाठीच घरी आणली होती.

आम्ही बरंच शोधलं. कोल्हापूरच्या एका बंदुकवाल्याकडे उंच कड्या होत्या, आबांनी रायफल खांद्याला लावून बघितली आणि म्हणाले, "गाल लाकडावर टेकायला पाहिजे. हे म्हणजे उंटावर बसून नेम धरल्यासारखं." ते खरं होतं. निपाणीच्या एकाकडे ठेंगण्या कड्या होत्या, पण मग बोल्ट उचलला की त्याची मूठ दुर्बिणीवर आपटायची. तेही खरं होतं. प्रत्येक वेळी आबा म्हणायचे, "चला, एक कळलं. हे नाही." घरी येताना त्यांची पावलं हलकी पडायची. आक्का दारातच विचारायच्या, "झालं का?" आणि आबा टोपी काढून खुंटीला लावत म्हणायचे, "एवढ्यात कुठलं व्हायला!"

त्या संक्रांतीला शेजारच्या देसाईंकडे हळदीकुंकवाला मी आक्कांबरोबर गेले. मी तेव्हा मंगळसूत्र घालत होते, कुंकू लावत होते. देसाईंची नवी सून ओळीनं बायकांना हळदकुंकू लावत माझ्यापाशी आली. तिनं करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं, आणि ते बोट माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग सासूकडे, मग आक्कांकडे. बोटावरचं कुंकू किंचित सांडलं.

"लाव की गं," आक्का म्हणाल्या. "बोटाला लकवा भरला काय?"

तिनं घाईनं लावलं. बायका तिळगुळाबद्दल मोठ्यानं बोलायला लागल्या.

परत येताना आक्का माझ्यापुढे चालत होत्या. आमच्या फाटकापाशी आल्यावर थांबल्या.

"मला कोण विचारतच नाही," त्या म्हणाल्या.

"काय, आक्का?"

"काही नाही. चल. दूध उतू गेलं असंल."

दूध कुणी तापतच ठेवलेलं नव्हतं.

त्यानंतर पुण्याच्या एका निवृत्त मेजरांकडून एक माउंट आलं. आबांनी पेपरात दोन ओळी दिल्या होत्या, त्या वाचून त्यांनी आपण होऊन पाठवलं. जर्मन, जुनं, बघायला म्हणून. पसंत पडलं तर ठेवा, नाहीतर परत करा. मी कॉलेजातून आले तेव्हा आबांनी ते पुन्हा खोक्यात भरायला घेतलं होतं.

"नाही जमलं," ते म्हणाले. "कड्या बरोबर आहेत गं. पण बैठकीचा बाक जुळत नाही. रायफलवर ठेवली की खाली फट राहते. डुगडुगतंय."

"बघू?"

"बघितलंय मी नीट."

ते अंघोळीला गेले तेव्हा मी खोकं उघडलं. रायफल टेबलावरच होती. बैठक तिच्यावर ठेवली आणि बोटानं दाबली. हलली नाही. टॉर्च आणून पलीकडून उजेड टाकला आणि डोळा टेबलाच्या पातळीवर आणून बघितलं. दोन वक्र पृष्ठभाग जुळत नसतील तर मधून उजेडाची रेघ येते. कितीही बारीक फट असली तरी येते. मी पूर्ण लांबीभर बघितलं. रेघ नव्हती. बैठक ह्याच घडणीच्या रायफलसाठी बनवलेली असणार. तिच्या कडीत साडेसव्वीसची नळी अलगद बसली.

न्हाणीघरात तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मी सगळं होतं तसं खोक्यात ठेवलं.

आबा डोकं पुसत बाहेर आले. "पत्ता लिहून देतेस का? माझं अक्षर आजकाल पोष्टवाल्यांना लागत नाही."

मी पत्ता लिहून दिला. मेजरांचं नाव, बंगल्याचं नाव, पेठ. आबा शेजारी उभे राहून माझा हात बघत होते. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयाला पोचले आहे. एवढ्या मोठ्या माणसानं एवढंसं खोटं बोलताना टॉवेल किती घट्ट धरला होता, ते मात्र मला आता जास्त नीट दिसतं.

मार्चमध्ये बंगळूरहून तिसऱ्यांदा विचारणा आली. ह्यापुढे जागा ठेवता येणार नाही, असं त्यात होतं. मी ते रात्रीच्या जेवणाच्या वेळी सांगितलं. आबांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तसाच ताटात ठेवला.

"माउंट झालं की—"

"मी चित्र काढलंय, आबा." मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. "वरून बसवायचंच नाही. डाव्या अंगाला एक पट्टी, तिच्यावर दोन कड्या. दुर्बीण मधल्या रेषेपासून एक सेंटिमीटर डावीकडे ठेवायची. म्हणजे बोल्टची मूठ उजवीकडून निसटून जाते आणि दुर्बीण खालीच राहते. गाल लाकडाला टेकेल."

त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला. बराच वेळ पाहिला. चित्रात चूक सापडत नव्हती.

"पट्टी बसवायची म्हणजे भोकं पाडावी लागतील."

"दोन."

"पोलादात? वडलांची रायफल आहे ती, सूनबाई. आजवर तिला ओरखडा नाही. आणि तू तिला भोकं पाडायला निघालीस?"

आक्का वाढायला उभ्या होत्या, हातात भाताचं पातेलं होतं.

"पाडा म्हणते मी," आक्का म्हणाल्या.

आबांनी वर पाहिलं.

"पाडा भोकं. तिला काय पूजेला ठेवलीया? वाट बघून बघून लोखंड काय अंडी घालणार आहे व्हय?" त्यांचा आवाज चढला होता, पण पातेल्यातला भात त्यांनी नेहमीसारखाच, चमच्यानं नीट कड सारखी करून वाढला. "पोरगी चित्र काढून थकली. पाडा."

आबांनी भात कालवला. "बेळगावला पास्कल मिस्त्री आहे," ते शेवटी म्हणाले. "त्याला दाखवू."

पास्कल मिस्त्रीचं दुकान बेळगावच्या कॅम्पात होतं. लष्कराच्या कार्यशाळेत तीस वर्षं काढलेला माणूस. हात चांगला, तोंड त्याहून चालू. पहिल्या खेपेला त्यानं माझा कागद उलटा धरला, मग सुलटा केला.

"हे कुणी काढलं?"

"हिनं. माझ्या सुनेनं," आबा म्हणाले.

"बाय, दुर्बीण डावीकडं ठेवलीस, म्हणजे डुक्कर उजवीकडनं पळून जाणार की."

"शंभर यार्डांवर एक सेंटिमीटर चुकेल. जास्तीत जास्त."

"मग काय, डुक्कर तेवढं समजून घेईल." तो स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला. "करतो. पण सांगून ठेवतो, दुसऱ्या कुणी करायला घेतलं असतं तर रायफलीची बासरी झाली असती. पास्कलकडं आलात म्हणून वाचलात."

रायफल आम्ही त्याच्याकडे परवान्याची नक्कल देऊन ठेवली. मेच्या सुरुवातीला त्याचा निरोप आला. पट्टी बसली, कड्या झाल्या, शेवटचं घट्ट करायला मालक समोर पाहिजे.

त्या सकाळी आक्कांनी भाकरी आणि वांग्याची भाजी बांधून दिली. आबा बाहेर चपला घालत होते. आक्का डबा माझ्या हातात देताना हळूच म्हणाल्या, "त्यांना घाई करू नको हं, पोरी." आणि लगेच, "पण आता माघारी पण आणू नको."

संकेश्वरला गाडी बदलली. आबांनी दुर्बीण फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतली होती. ती आम्ही पास्कलकडे ठेवली नव्हती. कड्यांसाठी त्याला मी साडेसव्वीसचा एक पितळी दांडा करून दिला होता. आबा ती कुणाच्या हाती देत नसत.

"काय आबा, बासरी काय?" कंडक्टर म्हणाला.

"दुर्बीण आहे."

"मग बघून सांगा की, बेळगावचा पाऊस कुठवर आलाय."

"उन्हाळा सरू दे आधी," आबा म्हणाले. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बंगळूरला पाऊस असतो का गं?"

"असतो. पण आपल्यासारखा नाही."

"थंडी?"

"थोडी."

"हं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. बंगळूरबद्दल त्यांनी स्वतःहून विचारल्याची ती पहिली वेळ होती.

पास्कलनं रायफल लाकडी शिकंज्यात धरून ठेवली होती. डाव्या अंगाला काळी पट्टी होती. इतकी चपखल की ती कारखान्यातूनच तशी आल्यासारखी दिसत होती. त्यानं आबांकडून दुर्बीण घेतली, कड्यांमध्ये ठेवली, वरच्या अर्ध्या कड्या ठेवून स्क्रू बोटानंच फिरवले.

"आता बगा." त्यानं बोल्टची मूठ उचलली. मूठ नळीच्या बाजूनं, काडीभर अंतर ठेवून वर गेली. मागे, पुढे, खाली. कुठे काही लागलं नाही. "परत बगा. लोणी! मेजर, ब्रिगेडियर, सगळ्यांची कामं केली मी. असं नाही झालं."

मी वाकून बघितलं. चित्रातलं सगळं तिथं होतं. इतक्या दिवसांनी एखादं उत्तर बरोबर आलं की मला जो आनंद होतो तो झाला, आणि लगेच ओसरला. आबा पट्टीवरून अंगठा फिरवत होते. ते खोट शोधत होते. अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, परत आला, आणि थांबला.

"छान झालंय," ते म्हणाले.

"छान काय, एक नंबर झालंय. हां, आता माणूस आणा."

"कुठला माणूस?"

"नेम धरणारा. स्क्रू अजून सैल आहेत. दुर्बीण पुढंमागं कुठं घट्ट करायची ते त्याच्या डोळ्यावर. डोळ्याच्या फार जवळ बसवली तर बार उडाल्यावर भुवई फोडते. लांब बसवली तर काळं वर्तुळ दिसतंय नुसतं. प्रत्येकाची मान वेगळी, गाल वेगळा. माणूस बघितल्याशिवाय पास्कल घट्ट करत नाही. तुम्ही मारणार?"

"मी नाही," आबा म्हणाले. "मुलासाठी आहे."

"मग मुलाला घेऊन यायचं की! कुठं असतो?"

आबा पट्टीकडे बघत होते. "बोटीवर असतो."

"अरे वा! माझा मेव्हणा पण शिपी आहे, बोटीवरच असतो. ठेवा मग रायफल इथंच. येतील तेव्हा दोघं या, पाच मिनिटांचं काम. कधी येणार?"

बाहेरून एक टांगा गेला. पास्कल हातातला पेचकस फडक्याला पुसत उत्तराची वाट बघत होता. आबांनी पट्टीवरून पुन्हा अंगठा फिरवला. ते माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. ते बघेनात.

तेव्हा मी पुढे झाले.

"मी सांगते," मी म्हणाले. "मला माहितीय."

मी शिकंजा सोडवला आणि रायफल उचलली. जड होती. दस्ता खांद्याला लावला.

"ह्यांची मान लांब आहे. आणि हे गाल असा मागं नाही टेकवत, पुढं टाकतात. इथं." मी लाकडावर अंगठा ठेवला. "माझ्यापेक्षा दोन बोटं पुढं. डोळा इथं येतो. इथून काचेपर्यंत आठ सेंटिमीटर. दुर्बीण आणली तेव्हा सुतळीनं रायफलला बांधून परसात बसले होते. मला फूटपट्टी धरायला लावली होती. वर्तुळ पूर्ण गोल दिसलं की 'आता' म्हणाले. मी तेव्हा मोजलंय. आठ. श्वास सोडल्यावर थोडंसं कमी होतं, पण हे श्वास धरूनच ठेवतात, त्यामुळं आठच धरा—"

"बाय, असं अंदाजानं नाही जमत," पास्कल म्हणाला.

"अंदाज नाही हा. मी मोजलंय. तुम्ही दुर्बीण जरा मागं घ्या. अजून. अजून थोडी—"

माझा अंगठा त्या लाकडावर होता. तिथं गाल असायचा. त्या गालावर हनुवटीच्या जरा वर एक जुनी खूण होती, लहानपणी खांबावरून पडल्याची. मी अंगठा उचलत नव्हते. उचलला असता तर जागा हरवली असती, आणि पुन्हा सापडली नसती.

रायफलचं वजन एकदम कमी झालं. आबांनी खालून हात लावला होता.

"ठेव ती," ते म्हणाले.

"एक मिनिट, आबा. एवढं मागं घेतलं की झालं."

"ठेव खाली, बाळ."

त्यांनी माझ्या हातातून रायफल काढून घेतली. माझा अंगठा सगळ्यात शेवटी सुटला. त्यांनी ती पास्कलच्या टेबलावर, फडक्यावर, आडवी ठेवली. नळीला हात लागला तशी सैल कड्यांमधली दुर्बीण किंचित सरकली. त्यांनी ती सरळ केली नाही. मग टोपी काढली. कोर्टात साहेब बोलवायचे तेव्हा ते ताठ उभे राहत असतील, तसे उभे राहिले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "मुलगा नाही यायचा."

पास्कलचा हात थांबला.

"बोट बुडाली त्याची. सात वर्षं झाली. तोही बुडाला. एवढं सगळं वाचलंय मी, नकाशे बघितलेत. त्यातून कुणी वर येत नाही." त्यांनी एकदा श्वास घेतला. "आमच्या घरात हे कुणी बोललेलं नाही अजून. आज तुमच्या दुकानात बोलतोय, माफ करा."

पास्कलनं पेचकस खाली ठेवला आणि छातीवर क्रूस काढला. मग हळू आवाजात त्यानं विचारलं, "मग हे, आबासाहेब, कुणाच्या डोळ्याला बसवू?"

"कुणाच्याच नको. राहू दे सैल."

ते माझ्याकडे वळले. त्या घरात आल्यापासून त्यांनी मला कधी माझ्या नावानं हाक मारलेली नव्हती.

"कुमुद," ते म्हणाले, "तू बंगळूरला कळव. जूनमध्ये येते म्हणून."